बोलण्यात पुढे, ठोकळ्यांत मागे : जनुकीय स्थिती असलेल्या मुलांचा अवकाशीय विचार कसा समजून घ्यावा

मूल घडाघडा बोलते, ऐकलेली गोष्ट रंगवून सांगते, एकदा पाहिलेला चेहरा विसरत नाही. मात्र चार ठोकळ्यांची रचना समोर ठेवून तशीच दुसरी कर म्हटले की त्याला ती जमत नाही, जिना उतरताना ते थबकते आणि बेरजेचे आकडे वहीत एकाखाली एक येत नाहीत. असे मूल हुशार समजावे, मागे पडलेले समजावे की केवळ लक्ष देत नाही असे समजावे, हा संभ्रम विल्यम्स सिंड्रोम किंवा टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पालकांना आणि शिक्षकांना वारंवार पडतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पालकांपुढे हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो, कारण त्यांच्या मुलांना दाखवलेले कळते, पण तोंडी सांगितलेले टिकत नाही. अशा मुलांची तपासणी करताना काय विचारावे, घरी व शाळेत काय बदलावे आणि कायद्याने काय मागता येते, याचे विवेचन पुढे केले आहे.

अवकाशीय विचार : निर्णयापुरती ओळख

वस्तू कोठे आहे, तिची दिशा कोणती, दोन वस्तूंमध्ये अंतर किती, तुकडे जोडून पूर्ण आकृती कशी होईल आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसे जायचे, या सर्व गोष्टी मनात मांडण्याच्या क्षमतेला अवकाशीय विचार म्हणतात. पालकांनी येथे एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, ती म्हणजे ही एकसंध क्षमता नसून अनेक क्षमतांचा समूह आहे, आणि जनुकीय स्थितींमध्ये त्यांतील काही क्षमता शाबूत राहून काही दुबळ्या असू शकतात.

डोळ्यांकडून आलेली माहिती मेंदूत मुख्यतः दोन मार्गांनी जाते, असे अंगरलायडर आणि मिशकिन या संशोधकांनी १९८२ मध्ये मांडले. खालचा मार्ग ‘हे काय आहे’ ते ओळखतो, तर वरचा ‘हे कोठे आहे’ ते सांभाळतो. पुढे १९९२ मध्ये गुडेल आणि मिल्नर यांनी वरच्या मार्गाचे काम हाताला व पायाला दिशा देण्याचे आहे, असे दाखवले. ब्रिटिश संशोधक जॅनेट ॲटकिन्सन यांच्या मते विकासाच्या अनेक विकारांमध्ये हा वरचा मार्ग अधिक नाजूक ठरतो. चेहरे अचूक ओळखणाऱ्या मुलाला टपालपेटीच्या तिरप्या फटीत पत्र सरकवणे का जड जाते, याचा उलगडा यातून बऱ्याच अंशी होतो.

निदान वेगळे, अडचण वेगळी

* विल्यम्स सिंड्रोम. सातव्या गुणसूत्रावरील सुमारे २६ ते २८ जनुके असलेला तुकडा गळाल्याने ही स्थिती उद्भवते. तिचे पहिले वर्णन न्यूझीलंडमधील डॉ. विल्यम्स यांनी १९६१ मध्ये केले. बोलणे, चेहरे ओळखणे आणि संगीताची ओढ यांच्या तुलनेत रचना करणे, चित्राची नक्कल करणे आणि आकृती मनात फिरवणे या मुलांना फार कठीण जाते. उर्सुला बेलुगी यांच्या गटाने लहान लहान ‘वाय’ अक्षरे मांडून काढलेले मोठे ‘डी’ मुलांना पाहून काढायला दिले, तेव्हा विल्यम्स सिंड्रोम असलेल्यांनी ‘वाय’ अक्षरे कागदभर विखुरली, तर डाऊन सिंड्रोम असलेल्यांनी मोठे ‘डी’ काढून ‘वाय’ गाळली. यावरून विल्यम्स असलेल्या मुलांना पूर्ण आकार दिसतच नाही, असा समज पसरला. पुढील संशोधनाने तो दुरुस्त केला. पाहताना त्यांना पूर्ण आकार दिसतो, अडते ते भाग जोडून तो उभा करताना. घरच्या शिकवणीच्या दृष्टीने हा भेद निर्णायक आहे, कारण मुलाला तयार नमुना पुन्हा पुन्हा दाखवल्याने फारसे साधत नाही, जोडणीची कृती टप्प्याटप्प्याने शिकवावी लागते.

* टर्नर सिंड्रोम. ही स्थिती मुलींमध्येच आढळते. दोनपैकी एक एक्स गुणसूत्र पूर्णतः किंवा अंशतः नसते आणि साधारण २,००० ते २,५०० मुलींमागे एकीमध्ये ती असते. बुद्धिमत्ता बहुधा सर्वसाधारण आणि वाचन चांगले असते. मात्र भूमिती, नकाशे, अंतराचा अंदाज व गणित यांत अडचण येते. वाचन चांगले असल्यामुळेच या मुलींची अडचण शाळेत सर्वाधिक दुर्लक्षित राहते आणि तिला आळसाचे नाव मिळते, जे अन्यायाचे आहे.

* डाऊन सिंड्रोम. येथे तोंडी ऐकलेली माहिती क्षणभर मनात धरणे अवघड जाते आणि पाहिलेल्या जागा लक्षात ठेवणे तुलनेने सोपे असते. तरीही या मुलांचा सगळा अवकाशीय विचार चांगला असतो असे मानू नये, कारण नवीन जागेचा मनात नकाशा तयार करणे त्यांनाही जड जाते.

* अन्य स्थिती. फ्रॅजाइल एक्स सिंड्रोम आणि बाविसाव्या गुणसूत्रावरील तुकडा गळण्याची स्थिती यांमध्येही गणित व अवकाशीय कामे एकत्र अडतात.

सिंड्रोमचे नाव कळले म्हणजे आपले मूल कळले असे होत नाही. एकाच निदानाच्या दोन मुलांमध्ये मोठे अंतर असते, म्हणून वरील वर्णनाकडे पाहावे ते कोठे शोधायचे हे कळण्यापुरतेच.

पहिली पायरी : डोळे

अवकाशीय अडचणीचा निष्कर्ष काढण्यापूर्वी दृष्टीची तपासणी झालीच पाहिजे. विल्यम्स सिंड्रोममध्ये तिरळेपणा व दूरदृष्टिदोष पुष्कळदा आढळतो. टर्नर सिंड्रोममध्ये तिरळेपणाबरोबर लाल-हिरव्या रंगांचा भेद न कळणे हे मुलग्यांइतके आढळू शकते. डाऊन सिंड्रोम असलेल्या अनेक मुलांना जवळच्या वस्तूवर नजर स्थिर करता येत नाही, आणि त्यांना दुहेरी भिंगाच्या म्हणजे बायफोकल चष्म्याचा उपयोग होतो. जवळचे धूसर दिसत असलेल्या मुलाकडून ठोकळे जुळवून घेणे व्यर्थ आहे.

दुसरी पायरी : बुद्धिगुणांकाचा एकच आकडा स्वीकारू नये

महाराष्ट्रात मुलांची बुद्धिमापन चाचणी बहुधा दोनपैकी एका साधनाने होते. बिने-कामत चाचणी कामत यांनी मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी बसवली आणि ती शेवटी एकच आकडा देते. दुसरी, नागपूरचे डॉ. आर्थर मालिन यांनी १९६९ मध्ये भारतीय मुलांसाठी रूपांतरित केलेली ‘मिसिक’ चाचणी. हिच्यात शाब्दिक आणि कृतीच्या उपचाचण्या वेगळ्या असून कृतीच्या भागात ठोकळ्यांची रचना, तुकड्यांची जोडणी, चक्रव्यूह यांचा समावेश आहे. शाब्दिक भागात चांगले आणि कृतीच्या भागात अगदी कमी गुण मिळवणाऱ्या मुलाचा सरासरी आकडा त्याच्या दोन्ही बाजूंविषयी चुकीचे सांगतो, म्हणून सहा वर्षांवरील मुलासाठी चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे आपण पुढील गोष्टी आग्रहाने मागाव्यात.

1. शाब्दिक गुणांक आणि कृतीचा गुणांक अहवालात स्वतंत्रपणे नोंदवलेले असावेत.
2. ठोकळ्यांच्या रचनेत मूल नेमके कोठे अडले, याचे वर्णन असावे. दिशा चुकली, ठोकळा चौकटीबाहेर गेला की वेळ संपला, या तीन गोष्टींचे उपाय वेगवेगळे आहेत.
3. कमी गुण हातांच्या हालचालीमुळे आले की आकाराच्या आकलनामुळे, हे पाहण्यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टचे मत जोडलेले असावे.
4. शाळेला देता येतील अशा शिफारशी स्पष्ट शब्दांत लिहिलेल्या असाव्यात. ‘सराव करून घ्यावा’ ही शिफारस नव्हे.

जनुकीय निदान अद्याप झाले नसेल, तर कोणती चाचणी करायची हे जनुकीय तज्ज्ञाने ठरवावे. टर्नर व डाऊन सिंड्रोमसाठी गुणसूत्रांची मांडणी पाहणारी कॅरिओटाइप चाचणी उपयोगी पडते. विल्यम्स सिंड्रोममध्ये गळालेला तुकडा तिच्यात सहसा दिसत नाही आणि त्यासाठी ‘फिश’ किंवा मायक्रोअरे ही चाचणी लागते. ‘कॅरिओटाइप नॉर्मल आहे’ या एका ओळीवर अनेक कुटुंबांचा शोध थांबतो, तो थांबू नये. विल्यम्स सिंड्रोमचा संशय असल्यास हृदयाची तपासणी करून घ्यावी आणि कॅल्शियम किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत, कारण या मुलांच्या रक्तात कॅल्शियम आधीच वाढलेले असू शकते.

घरात काय करता येईल

आई-वडील दैनंदिन बोलण्यात जागेचे, आकाराचे व दिशेचे शब्द जितके अधिक वापरतात, तितके मूल ते शब्द अधिक वापरते आणि पुढे अवकाशीय कामांत सरस ठरते, असे शिकागो येथील प्रुडेन, लिव्हाइन व हटनलोकर यांच्या २०११ मधील अभ्यासात दिसले. तो अभ्यास सर्वसाधारण विकास असलेल्या मुलांचा होता, त्यामुळे त्याचा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करू नये. तथापि ज्या मुलांची भाषा बळकट आहे त्यांना जागा शब्दांतून पकडायला शिकवणे हा सर्वांत सयुक्तिक मार्ग आहे. ‘ते तिकडे ठेव’ असे न म्हणता ‘कपाटाच्या खालच्या खणात, डाव्या कोपऱ्यात, डब्याच्या मागे ठेव’ असे म्हणावे. आत-बाहेर, वर-खाली यांपासून सुरुवात करून अलीकडे-पलीकडे, आडवे-उभे-तिरपे आणि शेवटी डावे-उजवे असा क्रम ठेवावा, कारण डावे-उजवे हे शब्द पाहणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेनुसार बदलतात आणि म्हणून सर्वांत उशिरा पक्के होतात.

यासाठी महागडे खेळ आणण्याची गरज नाही.

* ताट वाढणे. मराठी घरातील ताटाला ठरलेली मांडणी असते : मीठ वरच्या बाजूस, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. रोज तेच ताट मुलाने स्वतः, प्रत्येक पदार्थाची जागा मोठ्याने म्हणत वाढावे. डाव्या-उजव्याचा इतका नियमित आणि अर्थपूर्ण सराव दुसऱ्या कशातून मिळणे कठीण आहे.
* ठिपक्यांची रांगोळी. तीन बाय तीन ठिपक्यांपासून सुरुवात करावी. विल्यम्स सिंड्रोम असलेल्या मुलासमोर पूर्ण झालेली रांगोळी ठेवून नक्कल करायला न सांगता एका वेळी एकच रेघ, ‘या ठिपक्यापासून खालच्या ठिपक्यापर्यंत’ असे बोलत काढून घ्यावी. ठिपक्यांना वेगवेगळे रंग दिल्यास आणखी सोपे जाते.
* घडी घालणे. रुमाल, टॉवेल, मग सदरा. घडी घालण्यापूर्वी ‘आता याचा आकार कसा होईल’ हे विचारावे आणि नंतर पडताळून पाहावे.
* डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलासाठी हीच कामे चित्रांच्या पट्टीने शिकवावीत आणि तोंडी सूचना एका वेळी एकच द्यावी.

जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी लावावी आणि कठडा दोन्ही बाजूंना असल्यास उत्तम. फरशीचा रंग किंवा नक्षी जेथे अचानक बदलते तेथे विल्यम्स सिंड्रोम असलेली मुले अडखळतात, कारण तेथे उंची बदलली की केवळ रंग, हे त्यांना चटकन उमगत नाही. तो भित्रेपणा नव्हे, म्हणून मुलाला ओढू नये. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला कोलांट्या किंवा मानेवर ताण येणारे व्यायाम देण्यापूर्वी मानेच्या वरच्या मणक्यांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

वही, अक्षरे आणि गणित

देवनागरी लिपीत अक्षराच्या चारही बाजूंना खुणा येतात. काना उजवीकडे, मात्रा व रफार वर, उकार खाली, आणि पहिली वेलांटी तर अक्षराच्या डावीकडे लिहिली जाऊनही उच्चारात नंतर येते. अवकाशीय अडचण असलेल्या मुलासाठी हा मोठा भार आहे. त्यामुळे अक्षर पाहून गिरवण्याचे काम वाढवण्यापेक्षा प्रत्येक अक्षराची कृती शब्दांत बांधून द्यावी, उदाहरणार्थ ‘आधी उभा दांडा, मग डावीकडे पोट, शेवटी वर रेघ’. घ-ध आणि भ-म यांसारख्या जोड्या एकाच दिवशी शिकवू नयेत.

गणितासाठी चौकटींची वही वापरावी, एका चौकटीत एकच अंक लिहावा आणि एकक-दशकाच्या स्तंभांना वेगळे रंग द्यावेत. हातच्यासाठी वर स्वतंत्र चौकट आखून द्यावी. मराठीत ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतात आणि लिहिताना दोन आधी लिहावे लागतात, त्यामुळे ऐकून लिहिणाऱ्या मुलाकडून ७२ लिहिले जाणे स्वाभाविक आहे. बालभारतीच्या २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी पर्यायी वाचनपद्धती दिली गेली, तेव्हा तिच्यावर बरीच टीका झाली. या मुलांपुरता तरी तो पर्याय उपयुक्त आहे आणि शिक्षकांनी तो निःसंकोच वापरावा. फळ्यावरून उतरवून घेण्याचे काम शक्य तितके टाळून छापील प्रत द्यावी, कारण फळा आणि वही यांमध्ये नजर नेण्या-आणण्यातच या मुलांची जागा हरवते.

रस्ता शिकवताना

विल्यम्स सिंड्रोम असलेल्या व्यक्ती ठरलेला रस्ता पुरेशा आवर्तनांनी शिकू शकतात. अडचण येते ती दोन ठिकाणांचा परस्परसंबंध जाणून जवळची वाट शोधताना. म्हणून आखणी पुढीलप्रमाणे असावी.

1. एकच रस्ता निवडावा आणि तो जाताना व येताना असे दोन स्वतंत्र धडे मानावेत, कारण परतीच्या वाटेवर सर्व खुणा उलट्या बाजूला येतात.
2. खुणा कायमच्या असाव्यात : मंदिर, पाण्याची टाकी, शाळेचे फाटक. हातगाडी, उभी मोटार किंवा फलक या खुणा नव्हेत.
3. वळणाच्या प्रत्येक ठिकाणी म्हणायचे एक वाक्य ठरवावे आणि मुलाने ते मोठ्याने म्हणावे.
4. रस्ता खणलेला असेल किंवा बस वेगळ्या मार्गाने गेली तर काय करायचे, याचा सराव मुद्दाम करून घ्यावा.
5. विल्यम्स सिंड्रोम असलेली मुले अनोळखी माणसांशी सहज सलगी करतात, म्हणून कोणाला विचारायचे हे आधी ठरवून द्यावे : गणवेशातील पोलीस, बसवाहक किंवा ओळखीचा दुकानदार. पत्ता व दूरध्वनी क्रमांक असलेले कार्ड खिशात असावे.

टर्नर सिंड्रोम असलेल्या तरुणींनी वाहन चालवू नये, असा सल्ला काही कुटुंबांत दिला जातो. त्याला आधार नाही. अंतराचा अंदाज येण्यास त्यांना अधिक तास लागू शकतात, तेवढे द्यावेत.

हक्क आणि सवलती

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार नोंदवलेले आहेत. त्यांत विल्यम्स, टर्नर किंवा डाऊन ही नावे नाहीत. प्रमाणपत्र बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता किंवा बहुविकलांगता अशा प्रवर्गाखाली मिळते, म्हणून कोणत्या प्रवर्गाखाली अर्ज करायचा हे मानसशास्त्रज्ञाशी बोलून ठरवावे आणि ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी नोंदणी करावी.

* शिक्षण. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास कलम ३१ नुसार ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.
* परीक्षा. कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी जादा वेळ तासाला किमान २० मिनिटे ठरवला होता. भाषेची सूट मात्र विचार न करता घेऊ नये. विल्यम्स किंवा टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलांचे बळ भाषेतच असते, आणि ती सोडून भूमिती व नकाशे तसेच ठेवणे म्हणजे मुलाचे गुण स्वतःहून घटवणे होय. आकृत्या, नकाशे व आलेख यांबाबतच्या सवलतींची चौकशी आधी करावी.
* ४० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सुविधा केवळ ४० टक्क्यांवरील व्यक्तींपुरती मर्यादित ठेवता येत नाही, असे स्पष्ट केले आणि त्यानुसार २०२२ मध्ये केंद्राने स्वतंत्र सूचना काढल्या. टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलींच्या पालकांनी याची विशेष नोंद घ्यावी.
* उपचार. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाडीत व शासकीय शाळेत होते आणि पुढील तपासणी व थेरपी जिल्ह्याच्या ‘डीईआयसी’ म्हणजे लवकर उपचार सुरू करण्याच्या केंद्रात मोफत मिळते. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण असून त्यात थेरपीचा खर्चही बसतो. मूल्यमापनासाठी बौद्धिक दिव्यांगत्वाविषयीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत खारघर येथे आहे.

शाळेने सवलत नाकारल्यास प्रथम मुख्याध्यापकांकडे, नंतर शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तेथेही दाद न मिळाल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्यात आहे. प्रत्येक अर्ज लेखी द्यावा, त्याला मानसशास्त्रज्ञाच्या अहवालाची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. दहावीच्या सवलतींसाठीची कागदपत्रे नववीच्या सुरुवातीलाच तयार ठेवावीत, कारण प्रमाणपत्राला लागणारे महिने परीक्षेचे वेळापत्रक पाहत नाहीत.